खालापूरचे मौलवी आणि माझा कोंबडा

खालापूरला पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर मी तीन गोष्टी सांगते: मामलेदार कचेरी, एसटीचा थांबा आणि एक मौलवी. पैकी मौलवी आता राहिले नाहीत, आणि कचेरी बघायला कुणी आपलं गाव सोडून जाऊ नये. तरी मी तिकडचं लिहायला बसले आहे. आमच्या घरची पोरं हल्ली कर्जतला सहलीला जातात, नदीत डुंबतात, वडे खातात आणि परत येऊन सांगतात, "आजी, तिकडे काही नाहीये." त्यांच्यासाठी हे लिहिते.

मी गेले तेव्हा चोवीस वर्षांची होते. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. माझी थोरली बहीण सुशीला, आमची अक्का, चौकच्या पलीकडे एका मुसलमान गावात मिशनचा दवाखाना चालवायची. दवाखाना म्हणजे एक खोली, एक टेबल, एक कपाट आणि अक्का. गावाचं नाव लिहीत नाही, माणसं अजून ओळखू येतील. त्या वर्षी नाताळला ती घरी आली नाही, तेव्हा आईने मला धाडलं. "जा एस्तू, काय बिनसलंय ते बघून ये."

मी ट्रेन्ड शिक्षिका होते आणि संडे स्कूलच्या परीक्षेत पहिली आले होते. ओळख करून देताना ही दुसरी गोष्ट मी आधी सांगत असे. तरी कुणी माझ्या थोबाडीत दिली नाही, यावरून त्या काळची माणसं किती सोशीक होती ते ओळखा.

कर्जत

पुण्याहून गाडी घाट उतरली आणि मला वाटलं, आपण दुसऱ्या मुलखात आलो. आमच्या नगरला पौषात सगळं करपून गेलेलं असतं. इथे भात कापून झालं तरी खाचरांत ओल होती, आणि त्या ओलीवर वाल पेरलेला. जिकडेतिकडे शेंगांनी लगडलेला वाल आणि मागे निळे डोंगर. एवढी हिरवळ फुकट मिळत असेल तर इथल्या माणसांत काहीतरी खोट असणारच, असा मी मनाशी निष्कर्ष काढला. मला तेव्हा निष्कर्ष फार लवकर निघत.

एसटीची वाट बघत बाकावर बसले होते. शेजारी पाटी घेऊन एक शेतकरीण बसली होती. कुठे जातेस, म्हणाली. मी गावाचं नाव सांगितलं.

"तितं? आन येकटी?"

"का हो, काही आहे का तिकडे?"

"मानसं वंगाळ नायत गं. पन आपल्याला ठावं नसतं ना. तितलं पानी नको पिऊ, बाय."

मी शहाण्यासारखी मान हलवली. मग तिने विचारलं, "तू कोनाची?"

"आम्ही ख्रिस्ती."

बाईने आपली पाटी वीतभर पलीकडे सरकवली. मला राग आला. पाणी पिऊ नको म्हटलं तेव्हा मात्र आला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला पुढे पुष्कळ वर्षं लागली.

चौक

चौक म्हणजे मुंबई-पुण्याच्या रस्त्यावरचा मुक्काम. ट्रकांची गॅरेजं, चहाची दुकानं, टायर ठोकण्याचा आवाज. तिथे अक्का उभी होती, वाळून अर्धी झालेली. आम्ही बांधाबांधाने चालत निघालो. डाव्या हाताला इर्शाळगडाचा सुळका. त्याला वर आरपार भोक आहे, त्याला तिकडे नेढं म्हणतात. मी म्हटलं, "किती सुंदर!" अक्का म्हणाली, "आधी ऐक."

झालं होतं असं. पावसाळ्यात उत्तरेकडचे एक फिरते प्रवचनकार गावच्या मशिदीत येऊन राहिले. त्यांनी सांगितलं, कुराणात साफ मनाई आहे, यहुदी आणि ख्रिस्ती यांना दोस्त करू नका. ते निघून गेले, ती आयत, कुराणातली ती ओळ, मागे राहिली. बायकांनी दवाखान्याकडे येणं सोडलं. ज्यांची बाळंतपणं अक्काने केली होती त्या विहिरीवर तोंड फिरवू लागल्या.

"मिशनचे साहेब म्हणतात, पेशंट नाहीत तर महिनाअखेर बंद करू. ते एक वेळ मी सोसेन. पण दाऊदशेठची सून, जुबेदा, तिचे दिवस भरलेत. मी शेवटची तपासली तेव्हा मूल पायाकडून होतं. पहिलं तिचं असंच गेलं, मी यायच्या आधी. आता मला उंबऱ्याच्या आत घेत नाहीत."

दाऊदशेठ भाताच्या गिरणीचे मालक. गावात त्यांचा शब्द चाले.

मी म्हटलं, "यामागे त्या शेठचा काहीतरी डाव असणार."

"डाव काय असणार? त्याला वाटतं डाव माझा आहे. आधी औषध देतात, मग पुस्तक देतात, असं म्हणतो तो."

घरी पोचल्यावर अक्काने टॉवेल शोधायला माझी पिशवी उघडली. आत टॉवेलखाली प्रभूच्या वचनांची छापील पत्रकं होती, चांगला जाड गठ्ठा. मी ती कुणाला न सांगता आणली होती. अक्का पत्रकांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

"यांतलं एक गावात दिसलं असतं ना एस्तू, तर दाऊदशेठ खरा ठरला असता."

त्या संध्याकाळी आंघोळीचं पाणी देवाच्या वचनांवर तापलं. मी रुसून आंघोळ केली नाही.

खालापूर

अक्काच्या मनात एक मार्ग होता. खालापूरला एक मौलवी राहत. मूळचे महाडकडचे, म्हातारे, आणि आसपासच्या गावांत त्यांना मान. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं होतं, काळोखी खोली, मोठमोठे ग्रंथ, जळजळीत डोळे. मौलवी ओसरीवर बसून बायकोबरोबर भिजवलेले वाल सोलत होते. साल चिमटीतून सुटून उडत होतं आणि त्यांच्या दाढीत अडकत होतं.

त्यांच्या बायकोने चहा आणला. मला बाकावरची शेतकरीण आठवली. मी कप हातात धरून बसले.

"धाकट्या बाईंना चहा चालत नाही," मौलवी अक्काला म्हणाले, "की आमचा चहा चालत नाही?"

मी एका घोटात चहा संपवला. जीभ अशी भाजली की पुढचा अर्धा तास मी एक शब्दही बोलले नाही. अक्का सांगते, आमची बोलणी सुरळीत झाली त्याचं कारण तेच.

अक्काने सगळं सांगितलं. मौलवी ऐकत होते, सोलत होते. मग म्हणाले, "आयत आहे. नाही कशी म्हणू? पण ती लढाईच्या दिवसांतली. शत्रू दारात, आणि आपल्यातलेच काही जण तिकडे आसरा बांधून ठेवत होते, त्यांना ती सांगितली. बाळंतिणीने सुईण कुठली बोलवावी, याची ती आयत नव्हे. आणि ती ज्या सूऱ्यात, म्हणजे ज्या अध्यायात आहे, त्याचं नाव काय, माहीत आहे? माइदा. म्हणजे मांडलेला दस्तरखान. तुमच्या इसाच्या शिष्यांनी आकाशातून वाढलेलं ताट मागितलं, त्यावरून ते नाव."

माझी जीभ तेवढ्यात बरी झाली होती. "ही गोष्ट आमच्या पुस्तकात नाही."

"आमच्या आहे," मौलवी शांतपणे म्हणाले. "तुमच्या मरियमच्या नावाचाही एक अख्खा सूरा आहे."

आमची मरीया यांनी केव्हा नेली आणि आम्हाला कळलं कसं नाही, असा मला प्रश्न पडला. घरातलं भांडं शेजाऱ्याच्या फळीवर दिसावं तसं झालं. ते सांभाळून ठेवलं आहे याचा आनंद मानायचा असतो, हे तेव्हा सुचलं नाही. नुसता संशय आला.

"आणि त्याच दस्तरखानाच्या सूऱ्यात सुरुवातीलाच आहे," ते पुढे म्हणाले, "की ज्यांना आधी किताब मिळाली त्यांचं अन्न तुम्हाला हलाल आणि तुमचं त्यांना. पण हे मी मशिदीत नुसतं सांगून उपयोग नाही. लोक म्हणतील, एक मौलवी हे म्हणतो, दुसरा ते. शुक्रवारी मी गावात येतो. पोपटी लावा. वाल गावाचे, मडकं गावाचं, कोंबडा तुमचा. सगळे एका मडक्यातलं खाऊ."

परतीच्या वाटेवर मी अक्काला विचारलं, "याला काय हवंय?"

"प्रत्येकाला काही हवंच असतं का गं?"

"मग एवढी तोशीस कशाला घेतोय?"

अक्काने चालता चालता सांगितलं की निघताना तिनेही त्यांना तेच विचारलं होतं. ते हसून म्हणाले होते, "तो फिरता माणूस माझ्या मुलखात येऊन माझ्या माघारी शिकवून गेला. मला राग आलाय, असं समजा."

हे ऐकून मला बरं वाटलं. राग मला समजत होता. चांगुलपणाचीच मला तेव्हा धास्ती वाटे.

पोपटी

पोपटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते. मातीच्या मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला घालायचा. हा रानपाला बांधाबांधावर उगवतो, त्याला ओव्यासारखा उग्र वास असतो. त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा. मग मडकं जमिनीवर पालथं घालून भोवती पेंढा नि काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही. आमच्याकडे हुरडा भाजतात, तशीच ही त्यांची थंडीतली चैन.

शुक्रवारी सकाळी अक्का बाजारहाटाला चौकला गेली. जाताना म्हणाली, "कोंबडा बांधून ठेव. मौलवी आले की तेच कापतील."

ती गेल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळला. कोंबडा आमचा. त्यांनी का कापायचा? आज कोंबडा त्यांच्या हाताने कापायचा, उद्या म्हणतील कलमा पढा. संडे स्कूलच्या पहिल्या नंबराने असं गप्प बसायचं? मी पदर खोचला, सुरी घेतली, परसात जाऊन कोंबडा कापला, साफ केला, तुकडे करून हळद-मसाला चोळून ठेवला. आणि मोठी लढाई जिंकल्यासारखी पाय पसरून बसले.

अक्का आली, तिने पातेलं उघडलं, झाकलं, आणि मटकन खाली बसली. रागावलीसुद्धा नाही. तिची वाट बघून मीच म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही. आता दुसरा कोंबडा नाही."

नमाजानंतर दाऊदशेठच्या अंगणात सगळे जमले. पुरुष घोंगड्यांवर, बायका आतल्या दाराच्या पडद्यामागे. आम्ही दोघी मध्येच, ना इकडच्या ना तिकडच्या. वाल आले, मडकं आलं. भरायच्या आधी मौलवींनी आयती म्हटल्या आणि गावच्या बोलीत अर्थ सांगितला. दाऊदशेठ मिशी कुरवाळत ऐकत होते.

"मौलवीसाब, त्या पाहुण्यांनी सांगितलं ते खोटं, आसं म्हनता?"

"खोटं नाही, दाऊद. अर्धं. त्याच सूऱ्यात किताबवाल्यांच्या बायकांशी निकाहाची परवानगी आहे. आता मला सांग, जिच्याशी लगीन चालतं, तिच्याशी दोस्ती हराम कशी?"

पडद्यामागून दाऊदशेठच्या बायकोचा, हलीमाबीचा आवाज आला, "म्हंजी नवऱ्याची बायकोशी दोस्ती आसते व्हय? हे आमाला आजच कलतंय."

आत बायका खदखदल्या. दाऊदशेठ पडद्याकडे बघून खेकसले, "गप गं!" पण त्यांचा आवाज थोडा खाली आला होता.

अक्काने पातेलं पुढे आणलं. दाऊदशेठने वाकून आत पाहिलं.

"ह्यो कापला कोनी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मी."

"देवाचं नाव घेतलंवतं काय, कापताना?"

तिथे मला कळलं की अक्का का मटकन बसली होती. हो म्हटलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. कुणी पाहिलं नव्हतं, परसात मी आणि कोंबडा दोघेच होतो, आणि कोंबडा साक्ष द्यायला उरला नव्हता. सकाळपासून मी ज्यांच्यावर लबाडीचा संशय घेत होते, ती माणसं आता माझ्या एका शब्दाची वाट बघत होती. अक्का जमिनीकडे बघत होती. पडद्याच्या फटीतून एक पोट आणि त्यावर ठेवलेला हात दिसत होता. ती जुबेदा.

"नाही घेतलं," मी म्हटलं. "आमच्यात कापताना नाव घेत नाहीत. जेवायला बसताना घेतात."

दाऊदशेठने हात झटकले. "मिटलं मंग. ह्ये ऱ्हावंद्या."

दोघेतिघे उठायलाही लागले. "बसा," मौलवी म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "दाऊद, तू शाफई पंथाचा की नाही? तुझा बाप, आजा, सगळे कोकणी, सगळे शाफई. आपल्या इमामांच्या मते नाव घेणं चांगलं, पण राहून गेलं म्हणून जनावर हराम होत नाही. त्या पाहुण्यांचा पंथ वेगळा, त्यांच्यात कडक आहे. त्यांचा नियम तू आपल्या घरात का आणतोस? आणि ऐक. पैगंबरांना लोकांनी हेच विचारलं होतं, की कुणी मांस आणून देतं, नाव घेतलं की नाही कळत नाही, काय करू? ते म्हणाले, तुम्ही नाव घ्या आणि खा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई खोटं बोलल्या असत्या तर मी खाल्लं नसतं."

ही स्तुती होती हे मला रात्री जेवताना समजलं.

मडकं भरलं, पालथं झालं, पेंढा भडकला. अर्ध्या-पाऊण तासाने राख बाजूला सारून मडकं उचललं, आणि त्या वासाने गावची कुत्रीसुद्धा शहाण्यासारखी ओळीत बसली. मौलवींनी बिस्मिल्ला म्हटलं. अक्काने डोळे मिटून ओठ हलवले. आणि कुणीच हात घालीना.

"आदी तुमी खा," दाऊदशेठ मला म्हणाले.

"आधी तुम्ही खा," मी त्यांना म्हटलं.

मौलवींनी आम्हा दोघांकडे पाहिलं, एक तंगडी उचलली आणि खायला लागले. नाहीतर त्यांची शेवटची एसटी चुकली असती. मग मी खाल्लं. तसं मऊ, धुरकट, ओव्याच्या वासाचं मांस पुन्हा कधी मिळालं नाही. एकेक हात पुढे आला. दाऊदशेठने मात्र कोंबडीला बोट लावलं नाही. तिच्या रसात शिजलेल्या शेंगा तेवढ्या सोलसोलून खाल्ल्या, भरपूर. मौलवींनी भुवई उंचावली तेव्हा म्हणाले, "वाल काय कुनी कापत नाय ना, मौलवीसाब."

मौलवी गेले. बाकीचे हात धुऊन पांगले. दवाखान्याचं कुणी नावही काढलं नाही.

दुसरा दिवस

अक्काने सकाळी टेबल पुसलं, भांडी उकळायला ठेवली आणि दारात बसली. कोणी आलं नाही. मी म्हटलं, "फुकट कोंबडा गेला." दुपारी मी एकटीच जेवले. ती दारातून हलली नाही.

उन्हं कलायच्या सुमाराला बांधावरून दोघी येताना दिसल्या. पुढे हलीमाबी, काखेत पाण्याची कळशी, खांद्यावर धुतलेल्या कापडांचं गाठोडं. मागे जुबेदा, चार पावलं टाकून थांबणारी, ओठ दाताखाली दाबलेले. कळा सुरू झाल्या होत्या.

हलीमाबीने कळशी टेबलाशी ठेवली. "पानी आमचं. कापडं आमची."

"चालेल," अक्का म्हणाली. "पाणी उकळून घेते."

"माझ्या म्होरं उकल."

उकळलं. जुबेदाला टेबलावर निजवलं. अक्काने हात धुतले तेही हलीमाबीने उभं राहून बघितलं. मग ती सुनेला म्हणाली, "बिस्मिल्ला म्हन." आणि अक्काकडे बोट केलं. "आन तू. तू बी तुज्या देवाचं नाव घे. काल नुसतं ओठ हलवलंस. मोट्यानं घे, मला ऐकू आलं पायजे."

आमची अक्का जन्मात कधी मोठ्याने प्रार्थना करत नसे. चर्चमध्येसुद्धा तिचा आवाज शेजारच्या बाकाला जात नसे. त्यावरून बाबा तिला रागवायचे. तिने घसा खाकरला आणि म्हणाली, "हे बापा, हात सांभाळ."

"कुनाचे?" हलीमाबीने विचारलं.

"माझे."

"हां. मंग चालतंय."

मला त्यांनी बाहेर काढलं. मी अंगणात फेऱ्या घालत राहिले. आतून जुबेदाचं ओरडणं, हलीमाबीच्या शिव्या, आणि अधूनमधून अक्काचं 'बापा, बापा'. मध्ये एकदा सगळंच थांबलं, आणि ते थांबणं इतकं लांबलं की मी बांधावर बसून कान झाकून घेतले. दाऊदशेठ गिरणी बंद करून आले होते. तेही माझ्यापासून दोन हातांवर येऊन बसले.

मग रडणं ऐकू आलं. बारीक, रागावलेलं.

मी आत धावले. मूल जिवंत होतं, आई जिवंत होती, अक्का भिंतीला टेकून घामाने निथळत उभी होती. हलीमाबीने नातू उजेडाकडे नेला. त्याच्या गळ्यात काही दोरा-क्रूस घातलाय का ते पाहिलं, मनगटं पाहिली. मग पदराचा शेव घेऊन त्याचं कपाळ नीट, दोनदा पुसलं. आम्ही गुपचूप पाणी शिंपडून त्याला ख्रिस्ती केलं असलं तर, म्हणून. सगळी खात्री पटल्यावर तिला सुनेकडे बघायचं होतं आणि तिचे हात भरलेले होते. तिने इकडेतिकडे पाहिलं. जवळ मीच होते.

"धर गं," ती म्हणाली. "दोनी हातांनी धर. तुजा काय भरवसा नाय."